गणवेश, पोच आणि नावाची पट्टी

चौकात हवालदारानं हात केला की आपल्यापैकी अनेकजण आधी फोनमध्ये ओळखीचा ‘साहेब’ शोधतात. ज्याच्याकडे असा नंबर नाही, त्या रिक्षावाल्यानं, टेम्पोवाल्यानं काय करायचं? त्याच्यासाठी कायद्यानं काय ठेवलंय, ते आज पाहू.

मोटारींसाठी आपल्याकडे पहिला देशव्यापी कायदा १९१४ चा. त्याच्या जागी १९३९ चा आला आणि १ जुलै १९८९ पासून आजचा, म्हणजे १९८८ चा कायदा लागू झाला. १९३९ चं कलम ८६ आणि आजचं कलम १३० शेजारी ठेवून वाचा. दोन्हींत चालकानं परवाना दाखवायचा आहे, पण तो गणवेशातल्या पोलिसानं मागितल्यावर. म्हणजे आपल्यावर कर्तव्य टाकणाऱ्या वाक्यातच मागणाऱ्यावरही अट आहे, आणि ही अट इंग्रजी अमदानीपासूनची आहे.

दुसरी गोष्ट पोचेची. कलम २०६ प्रमाणे ठरावीक कारणांसाठी परवाना जप्त करता येतो. पण मग तात्पुरती पोच द्यावीच लागते, आणि काही ठरावीक गुन्हे सोडले तर, परवाना परत मिळेपर्यंत किंवा पोचेवर लिहिलेल्या तारखेपर्यंत, जे आधी येईल तोवर, त्या पोचेवर गाडी चालवता येते. टेम्पोवाल्याची उद्याची फेरी त्या कागदावर अवलंबून असते.

तिसरी, नावाच्या पट्टीची. १९८६ मध्ये पश्चिम बंगालमधले डी. के. बसू यांनी कोठडीतल्या मृत्यूंबद्दल सरन्यायाधीशांना पत्र लिहिलं. सर्वोच्च न्यायालयानं त्या पत्रालाच याचिका मानलं. डिसेंबर १९९६ च्या निकालातली पहिलीच सूचना अशी, की अटक करणाऱ्या पोलिसाच्या अंगावर नाव आणि हुद्दा स्पष्ट दिसला पाहिजे. हा नियम अटकेसाठीचा आहे, साध्या चलानासाठीचा नाही, हे लक्षात ठेवू. पण अधिकार वापरणाऱ्याला नाव असावं, हे तत्त्व त्यातून पक्कं झालं. पुढे ते फौजदारी प्रक्रियेच्या कायद्यातही आलं.

आणि २०१८ मध्ये केंद्रीय मोटार वाहन नियम १३९ बदलला. तेव्हापासून कागदपत्रं मोबाइलवर, इलेक्ट्रॉनिक स्वरूपात दाखवली तरी चालतात.

या तरतुदी हुज्जत घालण्यासाठी नाहीत. चूक झाली असेल तर दंड भरावा, मान्य नसेल तर न्यायालयात म्हणणं मांडावं. पण गाडी बाजूला घेऊन, शांतपणे ‘साहेब, पोच द्या’ एवढं म्हणायला कुणाची ओळख लागत नाही. हे वाक्य आपल्याइतकंच आपल्या रिक्षावाल्यालाही माहीत असायला हवं.