पवनारचा समुद्र

समुद्राचा घोष मराठी कलेत शोधावयाचा तर आपण कोकणपट्टीकडे आणि कोळ्यांच्या गाण्यांकडे वळतो, आणि ते योग्यच आहे; परंतु मनुष्याच्या श्वासातून व कंठातून समुद्र उभा करण्याचा जो भव्य उद्योग महाराष्ट्री प्राकृतात, म्हणजे आपल्या मराठीच्या पूर्वजभाषेत, सुमारे सोळा शतकांपूर्वी झाला, त्याचा धागा मुंबईच्या किनाऱ्यापासून रेल्वेने साडेसातशे किलोमीटर आत असलेल्या वर्धा जिल्ह्यात, धाम नदीच्या काठच्या पवनारपर्यंत येतो. ते काव्य म्हणजे ‘सेतुबंध’ आणि त्याचा कर्ता वाकाटक नृपती द्वितीय प्रवरसेन.

पाचव्या शतकाच्या पूर्वार्धात राज्य करणारा हा राजा गुप्तसम्राट द्वितीय चंद्रगुप्ताचा दौहित्र. त्याची माता प्रभावतीगुप्ता रामगिरीच्या, म्हणजे रामटेकच्या, स्वामीची भक्त. त्याने वसविलेले प्रवरपूर म्हणजेच आजचे पवनार, असे महामहोपाध्याय वा. वि. मिराशी यांनी प्रतिपादन केले. याच प्रवरपुराहून, राज्याच्या १८ व्या वर्षी, एक हजार ब्राह्मणांस चम्मक गाव इनाम दिल्याचा ताम्रपट निघाला, आणि त्यात ८,००० ‘भूमी’ (जमिनीचे एक माप) राजमानाने मोजून दिल्याची नोंद आहे. एका बाजूस संस्कृतातील ही काटेकोर सनद, हद्दीचे आणि हक्कांचे माप. दुसऱ्या बाजूस ज्याला माप नाही अशा सागराचे वर्णन, आणि तेही प्राकृतात: एकाच राजाच्या नावावर या दोन्ही गोष्टी आहेत, ही मला त्या काळाची सर्वांत मोठी श्रीमंती वाटते.

‘सेतुबंधा’ची कथा सर्वांच्या परिचयाची. सीतेचा शोध लागतो, वानरसेना किनाऱ्याशी येते, आणि समोरचे अपार पाणी पाहून त्या बलाढ्य वीरांचे देहच खिळल्यासारखे होतात. पुढे रामाच्या बाणाने समुद्र होरपळतो, त्यातील शंख, मत्स्य व सर्प तळमळतात, आणि अखेर बाणांचे व्रण अंगावर मिरवीत समुद्र स्वतःच देह धारण करून रामापुढे नत होतो. मग पर्वत उपटून पाण्यात लोटले जातात. पहिले पर्वत गडप होतात, आणि नल नावाच्या वानराच्या हाती काम सोपविल्यावर सेतू आकार घेतो. पंधरा आश्वासांच्या, म्हणजे सर्गांच्या, या काव्यात कवीचे मन सर्वांत रमले आहे ते या पाण्याच्या कल्लोळात.

तो कल्लोळ डोळ्यांनी वाचून मात्र हाती लागत नाही. महाराष्ट्री प्राकृतात दोन स्वरांमधील ‘क’, ‘ग’, ‘त’, ‘द’ यांसारखे स्पर्शवर्ण बहुधा गळून जातात. ‘सागर’चा ‘साअर’ होतो, आणि तो उच्चारताना जीभ कोठेही अडत नाही, मुख उघडेच राहते, स्वरावर स्वर येऊन मिळतो. याउलट ‘पर्वत’चा ‘पव्वअ’ होताना ओठ क्षणभर आवळतात, जोडव्यंजनाचा आघात बसतो, आणि पुन्हा तोच मोकळा स्वर वाहू लागतो. वाहते पाणी व त्यात कोसळणारा डोंगर या दोन्हींचा अनुभव पाठकाच्या तोंडातच घडतो. स्कंधक छंदाच्या प्रत्येक अर्ध्यात ३२ मात्रा असतात, आणि दीर्घ समासांनी भरलेले असे एक अर्ध संपेपर्यंत छातीतील हवा खरोखर सरते. सागराच्या विस्ताराला येथे मानवी श्वास हेच परिमाण लाभले आहे. प्राकृत कष्टाने शिकावी लागते हे खरे. परंतु अर्थ कळण्यापूर्वीही हे काव्य कानांना बरेच देऊन जाते, असे मी आग्रहाने म्हणेन.

या काव्याची कीर्ती थोडीथोडकी झाली नाही. वानरसेना सेतूवरून गेली तशी प्रवरसेनाची कीर्ती सागरापलीकडे गेली, असे बाणभट्टाने ‘हर्षचरिता’त म्हटले, आणि दंडीने महाराष्ट्राच्या भाषेचा गौरव करताना तिला सुभाषितरत्नांचा सागर म्हणून याच काव्याचे नाव घेतले. बाणाचे बोल अक्षरशः खरे ठरले, कारण नवव्या शतकाच्या अखेरीस गादीवर आलेल्या कंबोज देशाच्या, म्हणजे कंबोडियाच्या, राजा यशोवर्म्याच्या शिलालेखात प्रवरसेनाचा व त्याच्या सेतूचा उल्लेख सापडतो. अकबराच्या अमदानीत, ‘आईन-ए-अकबरी’त वऱ्हाड सुभ्यातील एक सरकार म्हणून पवनारची दप्तरी नोंद झाली त्याच सुमारास, रामदास भूपतीने ‘सेतुबंधा’वर ‘रामसेतुप्रदीप’ ही टीका लिहिली. काव्याशी कालिदासाचे नाव जोडणारी परंपरा तिच्यात नमूद आहे.

मूळ स्थानी मात्र प्रवरसेनाचे नाव विस्मृतीत गेले होते. १९३८ साली विनोबा पवनारला राहावयास आले, आणि तेथील जमीन खणताना भरतभेटीचे शिल्प निघाले. तेथे सापडलेले असे शिल्पपट रामकथेचे असून ते प्रवरसेनाच्या काळच्या राममंदिराचे असावेत, असे मिराशींचे मत. १९६७ साली नागपूर विद्यापीठाने तेथे उत्खननही केले. मिराशींचा जन्म कोकणातला. समुद्रकाठच्या प्रदेशात जन्मलेल्या पंडिताने नागपुरात बसून ताम्रपट लावावेत आणि विदर्भाच्या काळ्या मातीतील या सागरकवीची राजधानी शोधून द्यावी, याबद्दल वर्धेकरांनी त्यांचे ऋणी राहिले पाहिजे, आणि धामच्या काठी त्या शिल्पांसमोर ‘सेतुबंधा’चा, सेतू आकार घेतो तो, आठवा आश्वास वर्षातून एकदा तरी मोठ्याने म्हटला पाहिजे.