गोडाचा मुलूख

आगाशीच्या बाजारात केळीच्या वाळल्या पानांत बांधलेली सुकेळी दिसली, की वसईचा मुलूख गोडाचाच असे म्हणावेसे वाटते. पिकलेली राजेळी केळी सोलून, उन्हात वाळवून, त्यांच्यावर मधासारखा रंग चढवण्याची विद्या ही इथल्या वाडीवाल्यांची पिढीजात मिरास आहे. ऊसही याच भूमीचा. १७३९ साली चिमाजी आप्पांनी वसईचा किल्ला जिंकून पोर्तुगिजांचा अंमल उठवला. पुढे इंग्रजी अमदानीत खुद्द किल्ल्याच्या आवारात ऊस लावून साखर काढण्याचा उद्योग झाला. ज्या तटासाठी हजारोंनी प्राण वेचले, त्याच्या आत उसाचे फड डोलावेत, हा दैवाचा विनोदच म्हणायचा.

तथापि मधुमेहाचे खापर या गोडावर फोडणे अन्यायाचे होईल. चरकाने प्रमेहाच्या कारणांत गुळाचे पदार्थ सांगितले खरे, पण त्याच पंक्तीत त्याने बसण्याचे आणि निजण्याचे सुखही बसवले आहे. आणि ते सुख वाडीत कोणाच्या वाट्याला येत होते? पावसाचे पाणी साठवणारे बावखल उपसून गाळ काढायचा, रहाटाला बैल जुंपायचा, पाटाचे पाणी केळीकडून पानवेलीकडे वळवायचे आणि भाजीफुलांचे ओझे डोक्यावर घेऊन पहाटेची गाडी गाठायची, असा तो दिनक्रम होता.

ही गाडीही जुनीच. १२ एप्रिल १८६७ रोजी विरारहून बॅकबेपर्यंत पहिली लोकल धावली. तिने आरंभी वसईचा माल मुंबईस नेला, आणि शतकभरानंतर मुंबईत घर न परवडणारी माणसे वसईस आणली. हरित पट्ट्यावरील बांधकामाचे निर्बंध सैल झाले, फादर फ्रान्सिस दिब्रिटो आदींनी हरित वसईसाठी चळवळ उभारली, तरी बावखले बुजत गेली. २००९ साली वसई-विरार महानगरपालिका झाली आणि २०११ च्या जनगणनेत शहराची वस्ती बारा लाखांपुढे गेली. नव्या वसईकराचे कष्ट काही संपले नाहीत, त्यांची फक्त जात बदलली: डब्यात उभ्याने चेंगरायचे, कचेरीत दिवसभर बसायचे आणि रात्री उशिरा जेवायचे.

भारतीय आयुर्विज्ञान अनुसंधान परिषदेच्या २०२३ साली प्रसिद्ध झालेल्या पाहणीने देशातील मधुमेहींची संख्या १०.१ कोटी, म्हणजे प्रौढांपैकी ११.४ टक्के, अशी दिली. पुण्याच्या के.ई.एम. रुग्णालयातील डॉ. चित्तरंजन याज्ञिक यांनी नव्वदीच्या दशकात आसपासच्या खेड्यांतील नवजात बालके तपासली, तेव्हा वजनाने हलक्या, दिसण्यात किडकिडीत अशा या बालकांच्या अंगी विलायती बालकांच्या मानाने स्नायू कमी, पण चरबी मात्र राखलेली आढळली. टंचाईत घडलेला हा देह अकस्मात सुकाळात आणि खुर्चीत येऊन पडला, तर त्याचा जमाखर्च कसा जुळावा?

आगाशीकडे अजून सुकेळी होतात. यजमान ती अगत्याने पाहुण्यापुढे सारतात आणि स्वतःसाठी बिनसाखरेचा चहा मागवतात.