फौती आणि वारस : कुळगीच्या मातीतील उत्तराधिकाराचा इतिहास

मनुष्य निवर्तला म्हणजे त्यानंतरचे दिवस आपल्या समाजात नेमके मोजलेले असतात. दहावा, अकरावा, बारावा, तेरावा, पुढे मासिक श्राद्धे आणि वर्षश्राद्ध; कोणत्या दिवशी काय करावयाचे हे पुरोहितास आणि घरातील वडीलधाऱ्या स्त्रियांस तोंडपाठ असते. मृताच्या नावावरील शेत, घर, पतपेढीतील ठेव यांचे काय करावयाचे, हा प्रश्न मात्र तेराव्यानंतरही पुष्कळ घरांत अनुच्चारित राहतो. तो विचारणे जणू अमंगळ! परिणाम असा होतो की आजोबांच्या नावावर चाललेले खाते नातवंडांच्या हाती येते, आणि मग तंटा सुरू होतो. हा प्रश्न आमच्या या सीमाप्रदेशात कोणकोणत्या वळणांनी आला, याचा विचार येथे करावा असे आम्ही योजिले आहे.

कुळगी हे दांडेलीच्या अरण्याच्या कुशीतील जोयडा तालुक्यातील गाव. तालुक्याचे जुने नाव सुपा. काळी नदीवरील धरणाच्या पाण्याखाली सुपा गाव गेले आणि तालुक्याचे ठाणे जोयड्यास आले. राजसत्ता तर येथे याहूनही अधिक वेळा बदलली. १७९९ साली टिपूच्या पाडावानंतर कानडा प्रांत इंग्रजांकडे आला व मद्रास इलाख्यात गेला. टॉमस मन्रो हा तेथील पहिला कलेक्टर. १८६२ साली उत्तर कानडा जिल्हा मुंबई इलाख्यास जोडला गेला. १ नोव्हेंबर १९५६ रोजी तो म्हैसूर राज्यात गेला आणि १९७३ साली त्या राज्याचे नाव कर्नाटक झाले. राज्य बदलले तरी शेताचा बांध जागचा हलला नाही. त्याचा वारस कोण हे सांगणारे दफ्तर मात्र प्रत्येक वेळी नव्या साहेबाकडे गेले.

धर्मशास्त्राची भूमिका प्रथम पाहू. कल्याणीच्या चालुक्य विक्रमादित्याच्या काळी विज्ञानेश्वराने रचलेली 'मिताक्षरा' हीच या जिल्ह्यात प्रमाण मानली गेली. बंगालचा जीमूतवाहन वारसाहक्काचा संबंध पिंडदानापासून होणाऱ्या आध्यात्मिक उपकाराशी जोडतो. विज्ञानेश्वर सापिंड्याचा अर्थ एकाच देहाचे अंश असणे असा घेतो. म्हणजे आमच्याकडे रिक्थ मिळते ते रक्तसंबंधाने, आणि मुलगा जन्मतःच वडिलार्जित मालमत्तेत भागीदार होतो. अशा व्यवस्थेत मृत्युपत्रास जागाच थोडी. जे माझ्या एकट्याचे नाही ते मी कोणास लिहून देणार? म्हणूनच मृत्युपत्र या अर्थाचा रूढ व्यवहार आपल्या प्राचीन निबंधकारांत आढळत नाही.

मृत्युपत्र आणि त्यावर न्यायालयाची मोहोर, म्हणजेच प्रोबेट, ही इंग्रजांबरोबर आलेली वस्तू. इंग्लंडात हे काम १८५७ पर्यंत धर्मपीठाच्या न्यायालयांकडे होते, ही गोष्ट आमच्या देवस्थानीय वाचकांस कुतूहलाची वाटेल. हिंदुस्थानात १८७० च्या हिंदू विल्स अ‍ॅक्टाने बंगाल प्रांत आणि मुंबई व मद्रास या शहरांपुरती हिंदूंच्या मृत्युपत्रांस लेखी रूपाची व साक्षीदारांची शिस्त लावली. पुढे १९२५ च्या भारतीय उत्तराधिकार कायद्यात हे सर्व एकत्र झाले. खेडोपाडी मात्र जुनी मोकळीक टिकून होती. १ जानेवारी १९२७ पूर्वी कुळगीसारख्या गावी हिंदू गृहस्थाने मरणशय्येवर तोंडी सांगितलेली इच्छाही कायद्यास मान्य होऊ शके. त्या दिवसापासून हिंदूच्या मृत्युपत्रास लेख, सही आणि किमान दोन साक्षीदार आवश्यक झाले.

येथे एक विसंगती लक्षात घेण्याजोगी आहे. कुळगीच्या शेताचे मृत्युपत्र कुळगीत झाले तर त्याच्या प्रोबेटची सक्ती कधीच नव्हती. पण त्याच गृहस्थाने मुंबईस गिरगावात खोली घेतली असेल, तर तेवढ्या खोलीपुरते प्रोबेट घेतल्यावाचून वारसास न्यायालयात हक्क सांगता येत नसे. १८६२ ते १९५६ या काळात दोन्ही ठिकाणे एकाच मुंबई उच्च न्यायालयाच्या छायेत होती, तरी नियम वेगळा. कारण ही सक्ती जुन्या इलाखा-शहरांच्या सीमेशी बांधलेली होती. अखेर डिसेंबर २०२५ मध्ये संसदेने ती काढून टाकणारे विधेयक मंजूर केले. प्रोबेट मागण्याची वाट त्यामुळे बंद झालेली नाही. मृत्युपत्राविषयी वाद संभवत असेल तर ते घेणे आजही हिताचे.

काळीच्या पलीकडे, घाट उतरून गोव्यात गेले की तिसरीच रीत. तेथे १८६७ चा पोर्तुगीज नागरी कायदा १८७० पासून लागू झाला आणि गोव्याच्या मुक्तीनंतरही टिकला. त्याप्रमाणे मालकास साधारणतः निम्म्या मालमत्तेचीच इच्छेप्रमाणे व्यवस्था लावता येते. उरलेला भाग मुलाबाळांसाठी राखीव. मृत्यूनंतर 'इन्व्हेंतार' म्हणजे मालमत्तेची यादी करून वाटणी होते. या प्रक्रियेस आता गोव्याचा २०१२ चा उत्तराधिकार कायदा लागू आहे, जो २०१६ च्या डिसेंबरात अमलात आला. गोव्याचा अधिवासी असलेल्या मनुष्याच्या राज्याबाहेरील मालमत्तेसही गोव्याचाच कायदा लागू होतो, असे सर्वोच्च न्यायालयाने सप्टेंबर २०१९ मध्ये ठरविले. तेव्हा मडगावास स्थायिक झालेल्या भावाची कुळगीतील जमीन आणि कुळगीतच राहिलेल्या भावाची शेजारची जमीन यांचे वारस दोन कायद्यांनी ठरू शकतात. कुलदेवता एक, बांध एक, कायदे दोन!

या सर्व इतिहासात खरी कसोटी लागली ती घरच्या स्त्रीची. एकत्र कुटुंबातील विधवेस पूर्वी अन्नवस्त्रापलीकडे हक्क नव्हता. १९३७ च्या कायद्याने तिला पतीच्या हिश्शाचा हयातीपुरता उपभोग मिळाला. १७ जून १९५६ पासून हिंदू उत्तराधिकार कायद्याने तो हक्क पूर्ण स्वामित्वाचा झाला. आणि मृत्युपत्र न करता मेलेल्या पुरुषाची मुले, मुली, पत्नी व आई एकाच पहिल्या वर्गात आली. आईचे नाव येथे पुष्कळदा विसरले जाते, म्हणून मुद्दाम सांगतो. या कायद्यानंतर पाच महिने लोटण्यापूर्वीच जिल्हा म्हैसूर राज्यात गेला. म्हणजे एकाच पावसाळ्याच्या दोन टोकांस येथील माणसाचा वारसा-कायदाही बदलला आणि राज्यही. कर्नाटकाने १९९४ साली अविवाहित मुलीस वडिलार्जित मालमत्तेत जन्मसिद्ध भाग दिला. ९ सप्टेंबर २००५ रोजी केंद्राच्या दुरुस्तीने विवाहित-अविवाहित हा भेद संपला. आणि त्या दिवशी वडील हयात असलेच पाहिजेत असे नाही, असा निर्णय सर्वोच्च न्यायालयाने ११ ऑगस्ट २०२० रोजी दिला.

आता व्यवहाराकडे वळू. मृत्यूची नोंद एकवीस दिवसांच्या आत करावी, असे १९६९ चा कायदा सांगतो. तेरावे आटोपताच हे काम झालेले असावे. शेतजमिनीसाठी कर्नाटकाच्या १९६४ च्या जमीन महसूल कायद्याप्रमाणे वारसाची वर्दी तीन महिन्यांच्या आत द्यावयाची असते. पूर्वी ती शानभोगाकडे जाई. वंशपरंपरेने चालत आलेली ती ग्रामवतने १९६१ च्या कायद्याने मोडली आणि काम सरकारी नोकराकडे आले. या खातेबदलास तेथे 'पौती' म्हणतात. हा आपल्या जुन्या दफ्तरातील 'फौत' हाच शब्द. तो कानडीत गेला आणि तेथेच अधिक रुजला. पतपेढीतील ठेव, रोखे किंवा येणे वसूल करावयाचे तर दिवाणी न्यायालयातून उत्तराधिकाराचा दाखला घ्यावा लागतो. अर्ज, नोटीस, हरकतीस मुदत, आणि मग दाखला, असा त्याचा क्रम. वनहक्क कायद्याने मिळालेली जमीन वारसास जाते, पण विकता येत नाही. जवळचा वारस नसेल तर ती पुढील आप्तास मिळते. अरण्यालगतच्या कुटुंबांनी हे ध्यानी ठेवावे.

एक सावधगिरी मात्र आवश्यक आहे. पहाणीतील नाव म्हणजे मालकी नव्हे. ती सारावसुलीसाठीची नोंद होय. हक्काचा शेवटचा निवाडा दिवाणी न्यायालयाचा. तशीच गोष्ट उत्तराधिकाराच्या दाखल्याची: तो देणेकऱ्यास निर्धास्त करतो, पण वारसांमधील वाटा ठरवीत नाही. मोठ्या भावाने एकट्याचे नाव चढविले म्हणून बहिणीचा हक्क बुडत नाही; परंतु ती तीस वर्षे गप्प राहिली तर तो सिद्ध करणे दुष्कर होते. साक्षीदार जातात, कागद वाळवीच्या मुखी पडतात, आणि देवळाच्या सभामंडपात शेजारी बसणारी भावंडे कारवारच्या न्यायालयात समोरासमोर उभी राहतात.

पितरांचे ऋण तर्पणाने फिटते अशी आपली श्रद्धा आहे. त्यांनी कसलेल्या शेतावर त्यांच्या सर्व वारसांची नावे, लेकी आणि माता यांच्यासह, वेळेवर लागणे हेही त्याच ऋणाचे अंग होय, असे आम्हांस वाटते. वर्षश्राद्धास घराणे एकत्र जमते. त्या दिवशी पान वाढण्यापूर्वी पहाणीचा उतारा सर्वांनी मिळून एकदा वाचला, तर पुष्कळ तंटे उगवण्यापूर्वीच खुडले जातील.