पाटावर रात्री कोण होतं?

आजचा एपिसोड एका म्हशीपासून सुरू होतो. हसू नका, शेवटपर्यंत ऐका.

मी आठवीत होतो. मे महिन्याच्या सुट्टीत धुळे जिल्ह्यात आजोबांकडे गेलो होतो. आमचं शेत पाटाच्या शेपटाला, म्हणजे टेलला. बऱ्याच दिवसांनी पाण्याची पाळी आली, तीही रात्रीची. बॅटरी घेऊन गेलो, तर चारी कोरडी! पाटाच्या काठाने उलटे वर चालत गेलो, तर एका जागी भगदाड पडलेलं, चिखलात खुरांचे ठसे आणि आमचं पाणी ओढ्यात चाललेलं. त्या वर्षी उन्हाळी भुईमूग वाळला. म्हैस कोणाची, यावरून आजोबा आणि शेजारचे काका चार वर्षं एकमेकांशी बोलले नाहीत.

आता असं का होतं बघा. उन्हाळ्यात सगळं रान वाळलेलं असतं. हिरवं गवत आणि प्यायला पाणी फक्त पाटाच्या काठाला. जनावर तिथे जाणारच, त्याची काय चूक? पण ओल्या काठात खूर रुतला की खाच पडते. खाचेतून पाणी झिरपतं, माती वाहून जाते आणि सकाळपर्यंत काठ फुटतो. उरलेली माती पाटातच बसते, म्हणून पुढे पाणीही कमी जातं. फटका बसतो तो टेलच्या माणसाला.

हा प्रश्न जुना आहे. इंग्रज सरकारने १८७१ साली गुरांच्या अतिक्रमणाचा कायदा केला. आपल्या गावातला कोंडवाडा याच कायद्याखाली चालायचा. त्यात फक्त पिकाचा विचार नव्हता. कालव्याच्या काठाचं नुकसान करणारी किंवा तिथे मोकाट फिरणारी गुरं पकडायची आणि २४ तासांत कोंडवाड्यात पाठवायची, असं स्पष्ट कलम होतं. दंडाच्या यादीत शेळीपासून हत्तीपर्यंत सगळे! पुढे १८७३ साली उत्तर भारतातल्या कालव्यांसाठी कायदा आला. नियम मोडून काठावरून जनावरं नेली आणि ‘नेऊ नको’ सांगूनही ऐकलं नाही, तर तो गुन्हा.

पण यात एक गोची आहे. ‘नेऊ नको’ सांगायला तिथे कोणीतरी हजर पाहिजे ना? आणि कोंडवाड्यातला दंड भरला म्हणून ओढ्यात गेलेलं पाणी परत येत नाही.

आता आमच्याच भागातली गोष्ट. पांझरा, मोसम या नद्यांवर फड पद्धत होती, तीन-चारशे वर्षं जुनी मानली जाते. नदीवर बंधारा, तिथून कालवा, पुढे चाऱ्या. जमिनीचे मोठे फड पाडायचे आणि एका फडात सगळ्यांनी एकच पीक घ्यायचं. दरवर्षी सगळे मिळून कालवा साफ करायचे. आणि गाव माणसं नेमायचं. पाणी फिरवायला पाटकरी, जनावरांपासून राखण करायला जागल्या आणि या सगळ्यांवर हवालदार. मोबदला धान्याच्या रूपात, शेतकऱ्यांकडूनच.

मला इथे थांबावंसं वाटतं. जागल्या म्हणजे जागणारा. गावाने ओळखलं होतं की पाट राखायचा तर कोणीतरी जागं राहिलं पाहिजे, आणि त्याचं पोट सगळ्यांनी मिळून भरलं पाहिजे. त्यात वरचा शेतकरीही आला आणि टेलचाही. मी सॉफ्टवेअरवाला. सर्व्हर पडल्यावर दोष कोणाचा यावर आम्ही तासभर मीटिंग करतो. रात्री लक्ष कोण ठेवणार, हे मात्र आधी ठरलेलं नसतं. आमच्या पाटावर नेमकं तेच झालं. चार वर्षं भांडण झालं ते म्हैस कोणाची यावर. त्या रात्री पाटावर कोण होतं, हे कोणी विचारलंच नाही. कारण कोणीच नव्हतं.

शेवटी काकाच घरी आले. दोघांनी मिळून गुरांच्या वाटेवर पाटात सिमेंटचा पाइप टाकला, वर मुरूम दाबला. थोडं बाजूला पाण्याचा हौद बांधला, म्हणजे गुरांना काठावर उतरायची गरजच नाही. आणि पाळीच्या रात्री दोन्ही घरांतला एकेक माणूस पाटाने फिरायचा, असं ठरलं.

म्हैस कोणाची होती, ते अजून कळलेलं नाही. आजोबा म्हणतात, ‘जाऊ दे रे, पाणी येतंय ना.’

तुमच्या गावात जागल्या होता का? घरच्या म्हाताऱ्या माणसांना आजच विचारा. भेटू पुढच्या एपिसोडमध्ये!