वादळातला पाइन आणि फिरती आरागिरणी

जंगलात आडव्या झालेल्या झाडाच्या फळ्या करायच्या तर दोनच वाटा असतात. ओंडका आरागिरणीपर्यंत न्यायचा, नाहीतर आरागिरणी ओंडक्यापर्यंत आणायची. अमेरिकेच्या ईशान्येकडील न्यू इंग्लंड प्रदेशाने दुसरी वाट धरली आणि ती पुढे त्याला एका मोठ्या आपत्तीत उपयोगी पडली. गोल ओंडका चौरस करून कापला की साल, कडा आणि भुसा मिळून त्याचा बराच भाग बाजूला पडतो. तो टाकाऊ भाग खाचखळग्यांच्या रस्त्याने मैलोन्‌मैल ओढत नेण्याचा खर्च वाचावा, एवढ्यासाठी फिरती गिरणी जन्माला आली.

त्याआधी चिरकाम हाताने होई. ओंडका खड्ड्यावर आडवा टाकायचा, एकाने वर उभे राहायचे, दुसऱ्याने खाली खड्ड्यात, आणि दोघांनी मिळून लांब करवत वरखाली ओढायची. खालच्याच्या डोळ्यांत दिवसभर भुसा जाई. इंग्लंडमध्ये या कारागिरांचा यंत्राला इतका विरोध होता, की लंडनजवळच्या लाइमहाउस येथे उभारलेली आरागिरणी जमावाने १७६८ मध्ये मोडून टाकली. न्यू इंग्लंडमध्ये उलट स्थिती होती. ओढे भरपूर, माणसे थोडी. त्यामुळे तिथे सतराव्या शतकातच पाणचक्कीवर चालणाऱ्या करवती आल्या. मात्र ती गिरणी ओढ्याकाठी खिळलेली असे. जवळचे झाड संपले की लाकूड दुरून आणावे लागे.

ही अडचण दोन गोष्टींनी सुटली. पहिली म्हणजे गोल पात्याची करवत. साउथॅम्प्टनच्या सॅम्युअल मिलरने १७७७ मध्ये अशा करवतीचे पेटंट घेतले. अमेरिकेत तिचा प्रसार एकोणिसाव्या शतकात झाला. वरखाली चालणाऱ्या जड चौकटीची गरज संपली आणि सगळी यंत्रणा गाडीवर चढवता येऊ लागली. दुसरी गोष्ट म्हणजे चाकांवरचे वाफेचे इंजिन. दोन्ही जंगलात नेऊन चार-दोन दिवसांत गिरणी उभी राही. ओंडका रुळांवरच्या गाड्यावर आकड्यांनी घट्ट धरायचा आणि गाडा पात्याकडे सरकवायचा. पहिल्या कापात सालीकडची फळी सुटे. मग ओंडका उलटवून उरलेल्या बाजू सपाट करायच्या आणि हव्या त्या जाडीच्या फळ्या पाडायच्या. सालीकडचे तुकडे बॉयलरच्या भट्टीत जात, म्हणजे इंधनही जागेवरच मिळे. त्या जमिनीवरचे लाकूड संपले की गिरणी पुढच्या रानात जाई आणि मागे भुशाचा ढीग राही. असे जुने ढीग न्यू इंग्लंडच्या जंगलात पुढेही कित्येक वर्षे सापडत राहिले.

या गिरण्यांना लाकूड मिळाले ते ओसाड पडलेल्या शेतांतून. एकोणिसाव्या शतकाच्या मध्यापासून पश्चिमेकडचे स्वस्त धान्य रेल्वेने येऊ लागले, तरुण कापडगिरण्यांत गेले आणि डोंगराळ शेते पडीक झाली. पांढऱ्या पाइनचे हलके बी वाऱ्याने येऊन तिथे रुजले. गुरे त्याच्या रोपांना तोंड लावत नसल्याने ती जोमाने वाढली. पन्नास-साठ वर्षांत त्या जमिनींवर एकाच वयाच्या पाइनची दाट राई उभी राहिली. १८९० नंतर फिरत्या गिरण्यांनी ती कापून प्रामुख्याने खोक्यांसाठी फळ्या पुरवल्या. वाहतुकीची खोकी लाकडीच असत, त्यामुळे हलक्या प्रतीच्या पाइनलाही गिऱ्हाईक होते. या धंद्याचा जोर १९१०च्या सुमारास सर्वाधिक होता.

पहिल्या महायुद्धात हेच कसब समुद्रापार गेले. खंदकांना आणि रेल्वेमार्गांना लाकूड हवे होते, पण ब्रिटनमधले लाकूडतोडे आघाडीवर गेले होते. १९१७ मध्ये न्यू इंग्लंडने दहा फिरत्या गिरण्या, त्यांची माणसे आणि घोडे यांच्यासह ब्रिटनला धाडल्या, आणि त्यांनी स्कॉटलंडच्या जंगलात कापणी केली.

खरी कसोटी मात्र घरच्या जंगलातच लागली. २१ सप्टेंबर १९३८ रोजी एक प्रचंड चक्रीवादळ लाँग आयलंडवरून न्यू इंग्लंडमध्ये घुसले. सुमारे सहाशे माणसे दगावली. आधीच्या दिवसांच्या पावसाने माती भिजून ढिली झाली होती. पडीक शेतांवरचे उंच, एकवयाचे पाइन काही तासांत लाखो एकरांवर आडवे झाले. पडलेल्या लाकडाचा अंदाज २६० कोटी बोर्ड फुटांच्या पुढेमागे होता. बारा बोर्ड फुटांचा एक घनफूट होतो. त्या हिशेबाने हे लाकूड २१ कोटी घनफुटांहून जास्त भरते. कित्येक शेतकऱ्यांची ही म्हातारपणाची पुंजी होती. पाइन पडून राहिला की त्यावर बुरशी चढते, लाकूड निळे पडते, भुंगे पोखरू लागतात. शिवाय वाळलेला झाडोरा वणव्याचे सरपणच होता. त्यामुळे पुढचा उन्हाळा यायच्या आत जमेल तेवढे लाकूड वाचवणे भाग होते.

संघराज्य सरकारने यासाठी नॉर्थईस्टर्न टिंबर सॅल्व्हेज अ‍ॅडमिनिस्ट्रेशन ही यंत्रणा उभी केली. तिने शेतकऱ्यांकडून ठरलेल्या दराने ओंडके विकत घेतले. दर ठरवून दिला नसता तर एकदम बाजारात आलेल्या मालाने भाव मातीमोल झाले असते. यंत्रणेने एकूण ६० कोटींहून अधिक बोर्ड फूट लाकूड वाचवले. लगेच कापता न येणारे ओंडके तळ्यांत सोडण्यात आले. पाण्याखाली हवा नसते, म्हणून बुरशीला वाढता येत नाही. तळ्यातला ओंडका वर्षानुवर्षे टिकतो. फिरत्या गिरण्या तळ्यांच्या काठी आणि रानांत ठिकठिकाणी उभ्या राहिल्या, आणि एवढ्या विखुरलेल्या मालासाठी दुसरा कोणताही उपाय पुरेसा ठरला नसता.

न्यू हॅम्पशायरमधल्या काँकॉर्डजवळच्या टर्की पाँड तळ्यात सुमारे १.२ कोटी बोर्ड फूट ओंडके साठवले होते. १९४२ पर्यंत ते संपले नव्हते. अमेरिका महायुद्धात उतरली होती, लाकडाची मागणी वाढली होती आणि कामाला पुरुष मिळत नव्हते. तेव्हा वनखात्याने तळ्याकाठी एक आरागिरणी बांधून तिथे स्त्रियांना कामावर घेतले. ओंडके पाण्यातून ओढणे, फळ्या उचलणे, थप्प्या लावणे ही कामे त्या करत. जून १९४३ मध्ये काढलेल्या सरकारी छायाचित्रांपैकी एकात अठरा वर्षांच्या दोन मुली करवतीखालच्या खड्ड्यातून सालीकडची जड फळी ओढून काढताना दिसतात. त्या वर्षाअखेर तळ्यातले वादळाचे लाकूड कापून झाले.

युद्धानंतर ट्रॅक्टर आणि ट्रक स्वस्त झाले, रस्ते सुधारले. ओंडके मोठ्या गिरणीपर्यंत नेणे परवडू लागले आणि फिरत्या गिरण्या मागे पडल्या. त्या पुन्हा आल्या त्या वेगळ्या रूपात. इंडियाना राज्यातल्या वूड-मायझर कंपनीने १९८२ पासून मोटारीमागे जोडून नेता येणारी पट्ट्याची करवत विकायला सुरुवात केली. तिच्यात ओंडका जागेवर राहतो आणि करवतच त्याच्यावरून सरकते, त्यामुळे एकटा माणूसही ती चालवू शकतो. मोठा फरक पात्याच्या जाडीचा आहे. जुन्या गोल पात्याची खाच पाव इंचाची असे, म्हणजे एक इंची चार फळ्या कापताना एका फळीइतका भुसा होई. पट्ट्याच्या करवतीची खाच दोन मिलिमीटरच्या आसपास असते. तिथे एक फळी भुशात जायला दहा-बारा फळ्या कापाव्या लागतात.