मोजलेली षटके, न मोजलेला भार : मुंबई उपनगरातील किशोर वेगवान गोलंदाजांविषयी एक ऐतिहासिक विचार

प्रस्तावना

मुंबईच्या क्रिकेटचा इतिहास प्रामुख्याने फलंदाजांचा इतिहास म्हणून लिहिला गेला आहे. विजय मर्चंट, पॉली उम्रीगर, अजित वाडेकर, सुनील गावसकर, दिलीप वेंगसरकर, सचिन तेंडुलकर, रोहित शर्मा ही नामावली शाळकरी मुलालाही मुखोद्गत असते. याच शहराने रमाकांत देसाई, अजित आगरकर, धवल कुलकर्णी आणि शार्दूल ठाकूर यांच्यासारखे वेगवान गोलंदाज दिले. परंतु वेगवान गोलंदाज किती चेंडू टाकून घडतो आणि किती मुले घडण्यापूर्वीच थांबतात, हा प्रश्न क्रीडा-इतिहासलेखनाच्या परिघाबाहेरच राहिला. कांदिवली व तिच्या लगतच्या पश्चिम उपनगरांचा संदर्भ घेऊन या प्रश्नाचा ऐतिहासिक अंगाने विचार करणे, हे प्रस्तुत निबंधाचे प्रयोजन आहे. तुलनेसाठी बेसबॉल या खेळाचा आधार घेतला आहे. कारण किशोरवयीन चेंडूफेक्याच्या भाराचा प्रश्न त्या खेळाने अधिक काटेकोरपणे हाताळला आहे.

दादरकडून उपनगरांकडे

विसाव्या शतकाच्या मोठ्या कालखंडात मुंबई क्रिकेटचे केंद्र दक्षिण मुंबईतील मैदाने आणि दादरचे शिवाजी पार्क येथे होते. हॅरिस शील्ड व गाइल्स शील्ड या शालेय स्पर्धा आणि 1948 पासून पावसाळ्यात खेळली जाणारी डॉ. एच. डी. कांगा स्मृती लीग यांनी या केंद्राला आकार दिला. वस्ती उत्तरेकडे सरकली तसे खेळाडूही सरकले. बोरिवलीच्या स्वामी विवेकानंद इंटरनॅशनल स्कूलमध्ये प्रशिक्षक दिनेश लाड यांच्या हाताखाली रोहित शर्मा घडला. पुढे त्याच शाळेतून शार्दूल ठाकूर पुढे आला. कांदिवलीत मुंबई क्रिकेट असोसिएशनचा जिमखाना उभा राहिला व 2013 मध्ये त्याला सचिन तेंडुलकर यांचे नाव देण्यात आले. भारतीय क्रीडा प्राधिकरणाचे केंद्रही कांदिवली पूर्वेस आहे.

केंद्र असे विस्तारले, तरी महत्त्वाचे अनेक सामने आझाद मैदान, क्रॉस मैदान व ओव्हल येथेच होत राहिले. कांदिवलीहून चर्चगेटपर्यंतचा सुमारे तीस किलोमीटरचा प्रवास, खांद्यावर किटबॅग आणि सकाळच्या लोकलमधील गर्दी हा उपनगरातील मुलाच्या खेळाचाच एक भाग झाला. शार्दूल ठाकूर तर पालघरहून येत असे. बोरिवलीपर्यंतचेच ते अंतर पन्नास किलोमीटरहून अधिक आहे. या प्रवासाचा ताण लक्षात घेऊन लाड यांनी त्याला काही काळ आपल्या घरी ठेवून घेतले, ही घटना सर्वश्रुत आहे. तिच्याकडे गुरूच्या वात्सल्याचे उदाहरण म्हणून पाहिले जाते. परंतु भार व्यवस्थापनाच्या दृष्टीने पाहता मुलाच्या विश्रांतीचे तास वाढविणारा तो एक नेमका निर्णयही होता.

विक्रमांची दुसरी बाजू

फेब्रुवारी 1988 मध्ये आझाद मैदानावर हॅरिस शील्डच्या सामन्यात शारदाश्रम विद्यामंदिरच्या तेंडुलकर व विनोद कांबळी यांनी सेंट झेवियर्सविरुद्ध 664 धावांची अभेद्य भागीदारी केली. संघाची धावसंख्या 2 बाद 748 होती. नोव्हेंबर 2013 मध्ये त्याच स्पर्धेत पृथ्वी शॉ याने 330 चेंडूंत 546 धावा केल्या; समोरचा संघ बोरिवलीतील शाळेचा होता. जानेवारी 2016 मध्ये कल्याणला प्रणव धनावडे याने नाबाद 1009 धावा केल्या आणि त्याच्या शाळेने 3 बाद 1465 धावांचा डोंगर उभा केला.

हे आकडे सर्वांना ठाऊक आहेत. या सामन्यांत समोरून चेंडू टाकणारी मुले मात्र अपवादानेच आठवतात. 664 धावांच्या भागीदारीत गोलंदाजी करणाऱ्यांपैकी साईराज बहुतुले पुढे भारताकडून खेळला, म्हणून त्याचे नाव उरले. पृथ्वी शॉने एकट्याने खेळलेले 330 चेंडू म्हणजे 55 षटके होतात. दुसऱ्या टोकाच्या फलंदाजांनी खेळलेले चेंडू वेगळेच. ही सर्व षटके सोळा वर्षांखालील मुलांनी टाकली होती. फलंदाजाचा विक्रम ज्या दिवशी नोंदला जातो, त्याच दिवशी प्रतिपक्षाच्या किशोर गोलंदाजांच्या शरीरावर पडलेला भारही वस्तुतः नोंदला जात असतो. गुणलेखकाच्या वहीत षटकांचा रकाना असतोच. तो केवळ कामगिरी मोजण्यासाठी वाचला जातो, भार मोजण्यासाठी वाचला जात नाही, हा मुख्य मुद्दा होय.

यामागे प्रशिक्षणाची एक परंपराही आहे. रमाकांत आचरेकर तेंडुलकरला स्कूटरवर बसवून एका मैदानावरून दुसऱ्या मैदानावर नेत आणि एकाच दिवशी अनेक डाव खेळवीत. सरावाच्या या पद्धतीने एक असामान्य फलंदाज घडला. परंतु फलंदाजासाठी जी पद्धत फलदायी ठरली, तीच वेगवान गोलंदाजाला लावल्यास परिणाम वेगळा होतो. दहाव्यांदा फलंदाजीस उतरणाऱ्या मुलाची एकाग्रता थकते. त्याच दिवशी तिसऱ्या सामन्यात धावत येऊन चेंडू टाकणाऱ्या मुलाचे हाड थकते. ‘खेळ खेळूनच येतो’ हे मुंबईचे सूत्र फलंदाजांच्या अनुभवातून आले आणि न तपासता गोलंदाजांना लागू झाले.

रमाकांत देसाई : एक जुना दाखला

1958-59 च्या हंगामात मुंबईच्या सलग पंधरा रणजी विजेतेपदांची मालिका सुरू झाली. त्याच हंगामात रमाकांत देसाई या लहानखुऱ्या चणीच्या गोलंदाजाने रणजी स्पर्धेत 50 बळी घेतले. फेब्रुवारी 1959 मध्ये दिल्लीत वेस्ट इंडिजविरुद्ध त्याने कसोटी पदार्पण केले. त्या वेळी तो एकोणीस वर्षांचा होता. त्या एकाच डावात त्याने 49 षटके, म्हणजे 294 चेंडू टाकले आणि 169 धावांत 4 बळी मिळविले. त्याच वर्षीच्या इंग्लंड दौऱ्यातही नव्या चेंडूचा भार मुख्यतः त्याच्यावर राहिला. 28 कसोटी सामन्यांत 74 बळी मिळवून 1968 मध्ये, वयाची तिशी गाठण्यापूर्वीच, त्याची कसोटी कारकीर्द संपली.

कारकीर्द संपण्यास एकच कारण असते असे मानणे इतिहासाच्या शिस्तीत बसत नाही. तथापि त्या काळातील वर्णनांत या 49 षटकांचा उल्लेख जिद्दीचा पुरावा म्हणून येतो, हे अर्थपूर्ण आहे. एकोणीस वर्षांच्या मुलाने इतके चेंडू टाकावेत का, हा प्रश्न त्या पिढीसमोर उभाच राहिला नव्हता.

शरीरशास्त्राचे म्हणणे

वेगवान गोलंदाजाचा पुढचा पाय क्रीझवर आदळतो तेव्हा शरीराच्या वजनाच्या कित्येक पट आघात पाय, कंबर व पाठीतून वर जातो. त्याच क्षणी कणा मागे वाकलेला, एका बाजूस झुकलेला व पिळलेला असतो. उजव्या हाताच्या गोलंदाजाच्या कमरेतील शेवटच्या दोन मणक्यांच्या डाव्या बाजूस म्हणूनच सर्वाधिक ताण पडतो. प्रत्येक ताणाने हाडात सूक्ष्म झीज होते आणि विश्रांतीच्या काळात ती भरून निघते. झीज भरून निघण्याच्या वेगापेक्षा अधिक वेगाने होऊ लागली की हाडास तडा जातो. यालाच ‘स्ट्रेस फ्रॅक्चर’ म्हणतात. किशोरवयात उंची झपाट्याने वाढते, परंतु मणक्यांचे हाड पूर्ण कणखर होण्यास विशीही ओलांडावी लागते. चौदा ते अठरा हे वय म्हणूनच सर्वांत धोक्याचे असते. आरंभीची वेदना ‘पाठ भरली आहे’ असे म्हणून शेक व मलमावर निभावली जाते आणि निदान होईपर्यंत मुलाचा संपूर्ण हंगाम वाया गेलेला असतो.

पश्चिम ऑस्ट्रेलियातील 82 तरुण वेगवान गोलंदाजांचा अभ्यास 1989 मध्ये प्रसिद्ध झाला. एका हंगामात त्यांपैकी 11 टक्के मुलांच्या मणक्यास स्ट्रेस फ्रॅक्चर झाल्याचे त्यात आढळले. 2005 मध्ये प्रसिद्ध झालेल्या ऑस्ट्रेलियातील किशोर गोलंदाजांच्या अन्य एका अभ्यासाने विश्रांतीकडे लक्ष वेधले. गोलंदाजीच्या दोन दिवसांमध्ये सरासरी साडेतीन दिवसांपेक्षा कमी अंतर असणाऱ्या मुलांना दुखापतीचा धोका सुमारे तिप्पट होता. एका दिवसात किती षटके टाकली यासोबतच ती किती दिवसांनी टाकली, हाही प्रश्न तितकाच निर्णायक आहे.

बेसबॉलचा धडा

बेसबॉलमध्ये चेंडू फेकणाऱ्या पिचरच्या कोपरावर असाच भार पडतो. 25 सप्टेंबर 1974 रोजी डॉ. फ्रँक जोब यांनी टॉमी जॉन या पिचरच्या कोपरातील तुटलेल्या अस्थिबंधाच्या जागी त्याच्याच हातातील स्नायुबंध बसविला. जॉन 1976 मध्ये मैदानावर परतला व 1989 पर्यंत खेळला. ही शस्त्रक्रिया त्याच्याच नावाने ओळखली जाऊ लागली. मात्र पुढील दशकांत शाळकरी मुलांवरही ती करण्याची वेळ वारंवार येऊ लागली, तेव्हा त्या समाजाला उपचाराकडून प्रतिबंधाकडे वळावे लागले.

2007 मध्ये अमेरिकेतील ‘लिटल लीग’ या संघटनेने डावांऐवजी थेट चेंडू मोजण्याचा नियम केला. अकरा-बारा वर्षांच्या मुलास दिवसाला 85, तेरा ते सोळा वयोगटास 95 आणि सतरा-अठरा वयोगटास 105 चेंडूंची मर्यादा ठरली. पुढे चौदा वर्षांपर्यंतच्या मुलाने एका दिवसात 66 किंवा अधिक चेंडू टाकल्यास त्यास चार दिवसांची विश्रांती बंधनकारक झाली. इंग्लंडच्या क्रिकेट मंडळाचे निर्देशही याच धर्तीचे आहेत. तेरा वर्षांखालील वेगवान गोलंदाजास एका हप्त्यात 5 व दिवसाला 10 षटके, पंधरा वर्षांखालील मुलास 6 व 12, तर त्यापुढे एकोणीस वर्षांखालील वयापर्यंत 7 व 18 षटके. अठरा षटके म्हणजे 108 चेंडू. दुखापतीची जागा एका खेळात कोपर व दुसऱ्यात कणा अशी भिन्न असूनही दोन्ही खेळ अठराव्या वर्षासाठी जवळजवळ एकाच आकड्यापाशी पोहोचले, हे लक्षणीय आहे.

आक्षेप आणि त्याचे उत्तर

जुन्या पिढीतील प्रशिक्षक यावर एक आक्षेप घेतात. गोलंदाज गोलंदाजी करूनच तयार होतो. कपिलदेव 131 कसोटी सामने खेळला, परंतु दुखापतीमुळे त्याने एकही कसोटी गमावली नाही. हा आक्षेप हलक्याने घेण्याजोगा नाही. गोलंदाजी मुळीच न करणारे शरीरही अचानक आलेला भार पेलू शकत नाही आणि सातत्याने, हळूहळू वाढविलेला सराव हाच खरा संरक्षक असतो. परंतु कपिलदेवचे उदाहरण हे टिकून राहिलेल्याचे उदाहरण आहे. जे टिकले नाहीत त्यांची आकडेवारी कोणत्याही ग्रंथात नसते. स्वतः डेनिस लिली 1973 मध्ये पाठीच्या स्ट्रेस फ्रॅक्चरमुळे क्रिकेटबाहेर गेला होता. प्रदीर्घ पुनर्वसनानंतर तो परतला आणि 1987 मध्ये चेन्नईत सुरू झालेल्या एमआरएफ पेस फाउंडेशनमध्ये त्याने भारतीय तरुणांना शास्त्रशुद्ध शैलीचे धडे दिले.

प्रश्न केवळ बालवयापुरताही राहत नाही. ऑक्टोबर 2018 मध्ये शार्दूल ठाकूर हैदराबाद येथे पदार्पणाच्या कसोटीत अवघे दहा चेंडू टाकून जांघेच्या दुखापतीमुळे मैदानाबाहेर गेला. मार्च 2024 मध्ये रणजी उपांत्य सामन्यानंतर त्याने सामन्यांमधील तीन दिवसांच्या अपुऱ्या अंतराबद्दल जाहीरपणे चिंता व्यक्त केली. असेच चालू राहिल्यास खेळाडूंच्या दुखापती वाढतील, असा त्याच्या म्हणण्याचा आशय होता. त्याच महिन्यात मुंबईने बेचाळिसावे रणजी विजेतेपद मिळविले आणि जूनमध्ये ठाकूरच्या पायावर लंडनमध्ये शस्त्रक्रिया झाली. विश्रांतीच्या दिवसांचा जो प्रश्न 2005 च्या अभ्यासाने किशोरांबाबत मांडला होता, तोच येथे एका प्रौढ खेळाडूने अनुभवातून मांडला.

समारोप

उपनगरातील गुणी वेगवान गोलंदाज एकाच वेळी शाळेचा, क्लबचा, खासगी अकादमीचा आणि निवड झाल्यास वयोगटाच्या संघाचाही असतो. यांपैकी प्रत्येक जण आपापल्या सामन्यातील षटके मोजतो. त्यांची बेरीज मात्र कोणी करीत नाही. नेट्समध्ये टाकलेले चेंडू तर कोणत्याच वहीत उतरत नाहीत. ज्याच्या अंगावर ही बेरीज पडते तो मुलगा तक्रार करीत नाही. कारण दुखते असे सांगितले तर संघातील जागा जाईल, अशी त्याला भीती असते. फलंदाजाच्या अपयशाला दुसरा डाव मिळतो. सोळाव्या वर्षी मणक्यास तडा गेलेल्या मुलाला ती संधी मिळेलच असे नाही, आणि क्रिकेटसाठी अभ्यास मागे टाकलेल्या कुटुंबाच्या दृष्टीने हे नुकसान केवळ क्रीडाक्षेत्रापुरते मर्यादित नसते.

यावरील पहिला उपाय खर्चिक नाही. प्रत्येक किशोर वेगवान गोलंदाजाजवळ सामना, सराव व विश्रांतीचे दिवस नोंदविणारी एकच वही असावी आणि शाळा, क्लब व अकादमी या तिन्ही ठिकाणच्या प्रशिक्षकांनी चेंडू हाती देण्यापूर्वी ती पाहावी. एका बाजूस असोसिएशनचा जिमखाना आणि दुसऱ्या बाजूस क्रीडा प्राधिकरणाचे केंद्र असलेली कांदिवली अशा प्रयोगास सोयीची आहे. परिसरातील महाविद्यालयांचे शारीरिक शिक्षण विभागही या नोंदींचा अभ्यास हाती घेऊ शकतात. मुंबईने शतकाहून अधिक काळ धावांचा हिशेब चोख ठेवला आहे. त्याच वहीतील षटकांचा रकाना आता मुलाच्या पाठीच्या दृष्टीने वाचला जाणे, ही क्रीडा-इतिहासाने प्रशिक्षणशास्त्राकडे सोपविलेली जबाबदारी आहे.