हरकती, सुनावणी आणि एरचची वाट

झाशी म्हटले की मराठी वाचकाला नारोशंकर आणि राणी लक्ष्मीबाई आठवतात. त्याच जिल्ह्यात, झाशीच्या ईशान्येस बेतवेच्या काठी वसलेले एरच मात्र सहसा आठवत नाही. अकबराच्या काळात एरच हे आग्रा सुभ्यातील एका सरकारचे मुख्य ठिकाण होते. येथे प्राचीन नाणी व लेख कोरलेल्या विटा सापडल्या आहेत. लोकपरंपरा या गावाचे नाते प्रल्हादाच्या कथेशी जोडते. माझे कुतूहल मात्र एका साध्या नावाने जागे केले. झाशी-कानपूर लोहमार्गावर ‘एरच रोड’ नावाचे स्थानक आहे. रेल्वेच्या जुन्या परिभाषेत ‘रोड’ या शब्दाचा अर्थ एवढाच, की गाव येथे नाही. येथून पुढे रस्त्याने जावे.

अशा गावाचा आणि मोठ्या शहरातील दूरच्या वस्तीचा प्रश्न एकच असतो. बस कोठून येईल, कोठे थांबेल आणि ती वळवायची झाल्यास आम्हाला कोणी विचारील काय? या प्रश्नाला कायद्याने दिलेल्या उत्तराचा इतिहास उद्बोधक आहे आणि त्याचा आरंभ बराचसा उत्तर प्रदेशातच झाला आहे.

१९४७ साली तेथील शासनाने स्वतःच्या प्रवासी बसगाड्या सुरू केल्या. (आपल्याकडे १ जून १९४८ रोजी पुणे-अहमदनगर मार्गावर राज्य परिवहनाची पहिली गाडी धावली.) शासन स्वतः व्यवसायात उतरले, तेव्हा खासगी बसमालकांचे परवाने धोक्यात आले व ते न्यायालयात गेले. १९५० मध्ये अलाहाबाद उच्च न्यायालयाने शासनास अडविले. त्यानंतर झालेला राज्याचा कायदाही १९५४ मध्ये सगीर अहमद प्रकरणात सर्वोच्च न्यायालयात टिकला नाही. अखेर १९५६ मध्ये संसदेने १९३९च्या मोटार वाहन कायद्यात एक नवे प्रकरण घातले. शासकीय परिवहनास मार्ग ताब्यात घ्यावयाचा असेल, तर योजना राजपत्रात प्रसिद्ध करावी. बाधित होणाऱ्या कोणाही व्यक्तीने तीस दिवसांत हरकत घ्यावी. शासनाने ती ऐकावी आणि मगच निर्णय करावा, असा तो क्रम होता.

ऐकावी म्हणजे कोणी ऐकावी? हा प्रश्न आंध्रातून आला. गुल्लापल्ली नागेश्वर राव प्रकरणात परिवहन खात्याच्या सचिवांनी हरकती ऐकल्या आणि आदेश मुख्यमंत्र्यांनी दिला. १९५८ मध्ये सर्वोच्च न्यायालयाने बहुमताने सांगितले की, एकाने ऐकावे व दुसऱ्याने ठरवावे, ही सुनावणी नव्हे. शिवाय, ज्या खात्याची योजना त्याच्याच प्रमुखाने हरकती ऐकणे नैसर्गिक न्यायाला धरून नाही.

पुढे १९६९च्या दुरुस्तीने हरकतीचे दार अरुंद केले. त्या मार्गावर वा त्याच्या आसपास आधीपासून वाहतूक करणारे, शासनमान्य संघटना आणि स्थानिक किंवा पोलीस प्राधिकरण, एवढ्यांनाच हरकत घेण्याचा अधिकार राहिला. थांब्यावर उभा असलेला प्रवासी या यादीत नव्हता. १९८८च्या कायद्याने ते दार पुन्हा उघडले. आता ‘कोणीही व्यक्ती’ हरकत घेऊ शकते आणि प्रस्ताव राजपत्राबरोबरच त्या भागात खपणाऱ्या प्रादेशिक भाषेतील किमान एका वृत्तपत्रातही छापावा लागतो. हा बदल लहान नाही. राजपत्र एरचला कोण वाचणार? वर्तमानपत्र निदान चहाच्या टपरीवर पोहोचते.

तथापि ही सारी व्यवस्था ‘मार्ग कोणी चालवावा’ यासाठी रचलेली आहे. थांबा हलविणे, फेरी कमी करणे, गाडी बाजाराऐवजी बाह्यवळणाने नेणे, असे रोजचे फेरबदल बहुधा कार्यालयीन आदेशानेच होतात. प्रवाशाचे आयुष्य मात्र बदलते ते याच आदेशांनी.

येथे स्वतःची एक चूक नमूद करणे मला आवश्यक वाटते. सेवेच्या प्रारंभी, एका लहान शहरात असाच एक मार्गबदल प्रस्तावित होता. कायद्याची सक्ती नसतानाही मी नागरिकांची बैठक बोलाविली. एक वृद्ध बाई शेवटी उठल्या. डोक्यावर भाजीची पाटी घेऊन नव्या थांब्यापासून बाजारापर्यंत चालणे कसे जमेल, एवढेच त्यांनी विचारले. “तुमचे म्हणणे लिहून घेतले आहे, मावशी,” असे मी म्हणालो. ते खरेच लिहून घेतले होते. त्यानंतर माझी बदली झाली. माझ्यामागून आलेल्या अधिकाऱ्यासमोर माझी टिपणी होती, परंतु तीत त्या बाईंची पाटी नव्हती. ‘काही नागरिकांनी गैरसोयीचा मुद्दा मांडला’ असे एक वाक्य होते. मार्ग बदलला. आदेशात नेहमीप्रमाणे ‘हरकतींचा विचार करून’ असे शब्द होते.

गुल्लापल्ली निकाल मी प्रशिक्षणात वाचला होता. तो मला कळला मात्र त्या दिवशी. ऐकणारा एक व ठरविणारा दुसरा, आणि मधल्या जागेत हरविली ती पाटी. दोष माझ्यामागून आलेल्या अधिकाऱ्याचा नव्हे; ते वाक्य माझे होते.

तेव्हापासून मी तीन नियम पाळले. हरकत शक्यतो सांगणाऱ्याच्या शब्दांत नोंदवावी. निर्णय करणाऱ्याने स्वतः ऐकावे आणि ते शक्य नसेल तर मूळ नोंदी स्वतः वाचाव्यात. हरकत अमान्य केल्यास तिचे कारण एका वाक्यात त्या माणसाला कळवावे. यासाठी कायदा बदलावा लागत नाही.

‘रोड’ लागलेले स्थानक निदान प्रामाणिक असते. गाव अजून पुढे आहे, हे ते लपवीत नाही. आपल्या फाइलींनीही एवढे मान्य केले, तरी पुष्कळ झाले.